नव्या रायफलीत काडतूस अडते तेव्हा

नव्या बोल्टच्या रायफलीबद्दल (बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) "जड चालते" अशी तक्रार ऐकली, की मी पहिला प्रश्न हाच विचारतो : बंद करताना जड, की उघडताना? बंद करताना हात अडत असेल, तर गोळी अजून सुटलेलीच नसते. म्हणजे दोष मापाचा, घाणीचा किंवा काडतुसाच्या आकाराचा असतो. गोळी झाडल्यावर बोल्टचा दांडा वर उचलताना जोर लागत असेल, तर तो प्रश्न जळत्या दारूच्या दाबाचा असतो, किंवा दाबासारख्या भासणाऱ्या दुसऱ्या एखाद्या कारणाचा. या दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या, की माणूस भलत्याच जागी शोध घेत बसतो. आणि त्या दोन्ही एकत्र आल्या, म्हणजे काडतूस जड बसले आणि तेच उघडतानाही अडकले, तर मात्र त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवायला हवा.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. दुकानदार तिला "शिकारी रायफल" म्हणतात खरे, पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांच्यानंतर शिकारीचा प्रश्न उरलेला नाही. आमच्या इंदूरच्या मराठी घरांत अशी शस्त्रे आज दोनच कारणांनी असतात, नेमबाजीसाठी किंवा माळव्या-निमाडातल्या शेतीच्या राखणीसाठी. आणि राखणीतही रानडुकरावर गोळी चालवायची तर वेगळी परवानगी लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती आणि चाचणी हे परवानाधारक कारागिराचे काम आहे. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे ते मालकाने स्वतः करण्याचे निदान आहे, दुरुस्ती नव्हे. चेंबरला (काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या जागेला) पॉलिश पेपर लावणे, बोल्टचे लग (बंद झाल्यावर खाचांत अडकणारे उंचवटे) घासणे, काडतुसाची गोळी ठोकून आत बसवणे हे कोणीही घरी करू नये.

माझ्याकडे ३०-०६ या मापाच्या काडतुसाची नवी रायफल आली तेव्हा पहिल्या दहा काडतुसांपैकी तिघांवर बोल्टचा दांडा शेवटच्या पाव फेऱ्यात अडला. दुकानात विचारले तर उत्तर मिळाले, "नवी आहे, चालवाल तशी सैल होईल." हे उत्तर मी तेव्हा खरे मानले. महूला स्थायिक झालेले, पायदळातून निवृत्त झालेले एक सुभेदार आमच्या ओळखीचे आहेत. त्यांनी मला तळव्याने दांडा दाबताना पाहिले आणि मनगट धरले. "भाऊसाहेब, हत्यार नको म्हणतंय, तर आधी का ते विचारा. जोर करायला आपण काय विहिरीचा रहाट ओढतोय?" त्या दिवसापासून माझा नियम ठरला आहे, की दांडा अंगठा आणि दोन बोटांनी बंद व्हायला हवा, त्याहून जास्त जोर लागला तर काडतूस बाहेर काढून पाहायचे.

तपासाची सुरुवात रिकाम्या रायफलीपासून करावी. मॅगझिन काढून, चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने रिकामे असल्याची खात्री करून बोल्ट दहा-बारा वेळा चालवावा. रिकाम्या चेंबरवरही तो जड जात असेल, तर काडतुसाला दोष देण्यात अर्थ नाही. अशा वेळी लग कोरडे असतात, लग बसतात त्या खाचांत कारखान्यातली धातूची कीस राहिलेली असते, किंवा रायफलीची घडणच तशी असते. ली-एनफील्ड या ब्रिटिश रायफलीच्या घडणीत फायरिंग पिनची (काडतुसाच्या बुडावर ठोका देणाऱ्या सुईची) स्प्रिंग बोल्ट बंद करताना ताणली जाते, तर माउझर या जर्मन रायफलीच्या घडणीत ती उघडताना ताणली जाते. त्यामुळे एका प्रकारावर हात बसलेल्या माणसाला दुसरा प्रकार उगाचच बिघडलेला वाटतो.

त्यानंतर सफाई, आणि इथे घाई करू नये, कारण नव्या रायफलीतल्या निम्म्या तक्रारी माझ्या अनुभवात इथेच संपतात. कारखान्यातून येणाऱ्या हत्याराला गंज लागू नये म्हणून जाड ग्रीस लावलेले असते. नळीतून चिंधी फिरवली की नळी चकचकीत दिसते, आणि माणूस समाधान मानतो. पण चेंबर नळीपेक्षा रुंद असते, त्यामुळे नळीच्या मापाची चिंधी त्याच्या भिंतीला टेकतच नाही, आणि खांद्याच्या, म्हणजे चेंबर पुढे निमुळते होते तिथल्या, उतारावर ग्रीसचा थर तसाच राहतो. हिवाळ्याच्या सकाळी तो मेणासारखा घट्ट होतो. चेंबरसाठी रुंद ब्रश वेगळा घ्यावा, तो न मिळाल्यास सळईच्या टोकावर दोन चिंध्या गुंडाळून त्या चेंबरमध्ये घट्ट बसतील एवढी जाडी करावी, सॉल्व्हंट लावून पाच-सहा वेळा गोल फिरवावी आणि शेवटी कोरड्या चिंधीने पुसून बॅटरीच्या उजेडात पाहावे. माझ्या रायफलीतून पहिल्याच फेरीत चिंधीवर चहाच्या साईसारखा तपकिरी थर आला होता, आणि मी ती "साफ केलेली" समजत होतो.

बोल्टच्या तोंडाकडेही पाहावे. एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) आकड्याखाली पितळेचा एखादा बारीक तुकडा अडकला असेल, तर काडतुसाचे बूड पूर्ण टेकत नाही, आणि बाहेरून सगळे ठीक दिसत असतानाही बोल्ट बंद होत नाही. सफाईनंतर लगच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढे ग्रीस लावावे, परंतु चेंबर मात्र पूर्ण कोरडे ठेवावे. तेल लावलेल्या चेंबरमध्ये काडतुसाची पितळेची पुंगळी भिंतीला धरून राहू शकत नाही, मागे सरकते, आणि बोल्टच्या तोंडावर येणारा धक्का वाढतो. दाब तेवढाच असतानाही मग दाबाच्या खुणा दिसू लागतात. पावसाळ्यात भिजलेल्या काडतुसांचेही हेच होते.

सफाईनंतरही अडत असेल, तर आता काडतूस हातात घ्यावे, आणि सर्वांत आधी बुडावर कोरलेला शिक्का वाचावा. हे सांगावे लागते याचे वाईट वाटते, पण ३०८ चे आखूड काडतूस ३०-०६ च्या चेंबरमध्ये शिरू शकते, आणि एकाच पिशवीत दोन प्रकार ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. मग व्हर्नियर कॅलिपरने दोन मापे घ्यावीत : ३०-०६ च्या पुंगळीची लांबी जास्तीत जास्त ६३.३५ मिलिमीटर आणि गोळीसकट पूर्ण काडतुसाची ८४.८४ मिलिमीटर असते. कारखान्याचे काडतूस सहसा या मर्यादेत असते, तरीही ते अडू शकते, आणि त्याचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकन मानकानुसार बुडापासून खांद्यापर्यंतचे सर्वांत लांब काडतूस हे सर्वांत आखूड चेंबरपेक्षा सुमारे ०.१ मिलिमीटरने मोठे असू शकते. म्हणजे काडतूसही नियमात, रायफलही नियमात, आणि दोघांची गाठ पडली की दांडा जड. असे काडतूस बंद होताना खांदा किंचित दाबला जातो, आणि एवढ्याने धोका होत नाही. धोका कुठल्या जडपणात आहे ते ओळखण्यासाठीच पुढची चाचणी आहे.

ही चाचणी जिवंत काडतुसांची असल्यामुळे ती रेंजवरच, नळी मातीच्या बांधाकडे धरून, आणि बोल्टमधली फायरिंग पिन काढून करावी. पिन कशी काढायची हे रायफलीच्या पुस्तिकेत असते. जमत नसेल तर कारागिराकडून करून घ्यावी. पिन काढल्याने दोन गोष्टी साधतात, अपघात टळतो आणि स्प्रिंगचा ताण गेल्यामुळे हाताला बारीकसा अडथळाही कळतो. काडतुसाचा खांदा, मान, बुडाजवळचा भाग आणि गोळीचा दिसणारा भाग काळ्या मार्करने रंगवावा, शाई वाळू द्यावी, काडतूस मॅगझिनमधून चढवावे, बोल्ट हळूच बंद करावा, उघडावा आणि काडतूस उजेडात फिरवून पाहावे. मॅगझिनमधूनच चढवण्याचे कारण असे, की माउझर पद्धतीचा एक्स्ट्रॅक्टर काडतुसाची कडा खालून पकडतो. काडतूस थेट चेंबरमध्ये टाकले तर त्याच्या आकड्याला कडेवरून उडी मारावी लागते, आणि ते जड लागणे हा रायफलीचा दोष नसतो.

खांद्याभोवती शाई गोल कड्यासारखी पुसली गेली असेल, तर काडतूस खांद्यावर अडते आहे. हेच वर सांगितलेले ०.१ मिलिमीटरचे प्रकरण. बुडाजवळ एकाच बाजूला ओरखडा असेल, तर चेंबरच्या तळाशी काहीतरी राहिले आहे किंवा ती पुंगळी फुगलेली आहे. गोळीच्या उतारावर समान अंतरावर चार किंवा सहा बारीक खुणा उमटल्या असतील, तर गोळी नळीतल्या आट्यांना (तिला फिरवणाऱ्या आतल्या पिळांना) टेकते आहे. मानेच्या तोंडाची कडा चमकत असेल किंवा आत वळलेली दिसत असेल, तर पुंगळी लांब आहे, किंवा चेंबरचा तो भाग आखूड कापला गेला आहे. यातल्या पहिल्या दोन प्रकारांत सावकाश शोध घेता येतो. शेवटचे दोन प्रकार मात्र झाडू नयेत. आट्यांना आधीच टेकलेल्या गोळीला सुटताना मोकळी जागा मिळत नाही, आणि आवळलेली मान गोळीला वेळेवर सोडत नाही. दोन्हींत दाब चढतो. बंद करतानाचा जडपणा आणि उघडतानाचा जडपणा यांची गाठ नेमकी इथे पडते.

ही चाचणी एका काडतुसावर संपवू नये. एकाच लॉटची (एकाच खेपेत बनलेली) पाच, आणि दुसऱ्या लॉटची किंवा दुसऱ्या कारखान्याची पाच अशी घ्यावीत. एका लॉटची अडतात आणि दुसऱ्याची अडत नाहीत, तर संशय काडतुसांवर. सगळीच सारखी अडतात, तर संशय रायफलीवर. संशय रायफलीवर गेला, की परवानाधारक कारागिराकडून हेडस्पेसचे, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये टेकते तिथपासून बोल्टच्या तोंडापर्यंतच्या अंतराचे, गेज (मापाचा ठोकळा) लावून घ्यावे. "गो" गेजवर बोल्ट सहज बंद व्हायला हवा आणि "नो-गो" गेजवर बंद होता कामा नये. "गो" गेजवरच बंद होत नसेल, तर चेंबर खरोखर आखूड आहे आणि रायफल कारखान्याकडे परत जायला हवी. आपल्याकडे पुष्कळांकडे असणाऱ्या ३१५ बोरच्या रायफलीला हे गेज वेगळे लागते, कारण तिचे काडतूस खांद्यावर नव्हे, तर बुडाच्या रुंद कडेवर टेकते. त्यामुळे तिथे खांद्यावरच्या शाईवरून हेडस्पेसचा निष्कर्ष काढता येत नाही.

आता झाडण्याकडे वळू. नळीतून आरपार उजेड दिसतो की नाही हे प्रत्येक सत्राआधी पाहावे. विसरलेली चिंधी, ग्रीसचा गोळा, किंवा कुंभारीण माशीने नळीच्या तोंडात बांधलेले मातीचे घर, यांपैकी काहीही नळी फाडू शकते. शेवटचा प्रकार मला गंमत वाटायचा, पण शेतावर चार दिवस भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका जुन्या बंदुकीत मी स्वतः ते घर पाहिले आहे. डोळ्यांवर चष्मा असावा. मॅगझिनमध्ये एका वेळी एकच काडतूस भरावे, आणि प्रत्येक रिकामी पुंगळी क्रमाने ठेवून तिच्यावर आकडा लिहावा. चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर नळी बांधाकडेच धरून किमान तीस सेकंद थांबावे.

३०-०६ साठी अमेरिकन मानकाने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला ६०,००० पौंड आहे. आपल्या मोटारीच्या चाकात ३० पौंड हवा असते, यावरून अंदाज यावा. हा दाब मोजण्याचे साधन आपल्याकडे नसते. आपल्याला फक्त पितळेवर उमटलेली अक्षरे वाचता येतात, आणि ती एकेकटी वाचली तर फसवतात. चपटा झालेला प्रायमर (बुडातली, पिनच्या ठोक्याने पेटणारी टोपी) हे सर्वांत जास्त गाजलेले आणि सर्वांत कमी भरवशाचे लक्षण आहे. प्रायमरचा पत्रा कुणाचा मऊ, कुणाचा कडक असतो, आणि ३०-०६ सारख्या काडतुसात पूर्ण योग्य दाबालाही प्रायमर बऱ्यापैकी सपाट होतो. पिनच्या खळग्याभोवती उंच कडा दिसली, तरी ती बोल्टमधल्या पिनच्या छिद्राचे तोंड रुंद असल्यामुळेही येते. म्हणून त्याच लॉटचे काडतूस दुसऱ्या चांगल्या रायफलीत झाडून दोन्ही पुंगळ्या शेजारी ठेवाव्यात. माझ्या मते एवढी एक तुलना दहा जणांच्या मतांपेक्षा अधिक सांगते.

अधिक भरवशाची लक्षणे वेगळी आहेत. बुडाच्या अक्षरांवर इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर उडवणाऱ्या भागाच्या) छिद्राचा किंवा खाचेचा चकचकीत ठसा उमटला असेल, तर पितळ दाबाखाली त्या पोकळीत वाहिले आहे. दांडा उचलताना थांबतो आणि तळव्याचा ठोका द्यावा लागतो. प्रायमरच्या कडेने काजळी बाहेर आलेली दिसते, प्रायमर सैल होतो किंवा गळून पडतो. यांतले कोणतेही एक लक्षण दिसले, तरी पुढचे काडतूस चढवू नये. गोळीचा वेग मोजणारे यंत्र असेल आणि खोक्यावर छापलेल्या वेगापेक्षा मोजलेला वेग ठळकपणे जास्त येत असेल, तर तो पुरावाही याच बाजूचा आहे, कारण वेग फुकट वाढत नसतो.

उघडताना दांडा जड लागला म्हणजे दाबच, असेही नाही. माउझर घडणीत चाप ओढल्यानंतर दांडा उचलताना स्प्रिंग पुन्हा ताणावी लागते, म्हणून तो मुळातच जड लागतो. रिकाम्या रायफलीवर चाप ओढून दांडा उचलावा, त्या वजनाची हाताला ओळख करून घ्यावी, आणि मगच झाडलेल्या काडतुसाशी त्याची तुलना करावी. चेंबर खरखरीत कापले गेले असेल, तर पुंगळी त्या ओरखड्यांना चिकटते, आणि तिच्या अंगावर आडव्या बारीक रेघा दिसतात. मानेच्या बाहेर काजळी येणे ही तर उलट खूण आहे. दाब कमी पडला की मान भिंतीला नीट टेकत नाही आणि धूर मागे येतो. बुडापासून बोटभर वर पितळेवर चमकदार कडे दिसले, तर ते दाबाचे नसून ढिल्या हेडस्पेसचे असते. पुंगळी तिथे ताणली जाऊन आतून पातळ होते. टोक वाकवलेली बारीक तार पुंगळीत घालून आतल्या भिंतीवर फिरवली, की त्या जागी खाच लागते. असे कडे दिसल्यास "नो-गो" गेज लावल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उन्हाचा विषय आमच्या भागात टाळता येत नाही. काडतुसातली दारू तापली की ती अधिक वेगाने जळते. किती, ते दारूच्या प्रकारावर अवलंबून असते. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, आणि बंद मोटारीत डॅशबोर्डवर ठेवलेले खोके त्याहून कितीतरी अधिक तापते. जानेवारीत माझ्या रायफलीतून निमूट बाहेर येणाऱ्या पुंगळ्या मे महिन्यात, त्याच लॉटच्या असूनही, दोनदा अडकल्या, आणि दुसरीच्या बुडावर इजेक्टरचा ठसा होता. खोके त्या दिवशी सकाळपासून मोटारीत होते. पुढच्या वेळी तीच काडतुसे कापडी पिशवीत, सावलीत ठेवली, दोन गोळ्यांमध्ये नळीला थंड व्हायला वेळ दिला, आणि तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस ठेवून निशाणा धरत बसण्याची सवय सोडली. ठसा पुन्हा दिसला नाही. बर्फाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला काहीजण देतात, तो घेऊ नये, कारण बाहेर काढताच काडतुसावर दव धरते आणि चेंबर ओले होते.

झाडल्यानंतर बोल्ट अजिबात उघडला नाही, तर दांड्यावर हातोडी मारू नये. नळी बांधाकडे ठेवून थांबावे, थंड होऊ द्यावे, आणि तरीही उघडत नसेल तर रेंजच्या अधिकाऱ्याला सांगावे. अडकलेले काडतूस झाडलेले आहे की जिवंत, याबद्दल किंचितही शंका असेल, तर नळीच्या तोंडातून सळई कधीही घालू नये.

कारागिराकडे जाताना नुसती रायफल नेऊ नये. आकडे घातलेल्या पुंगळ्या, शाई लावलेली काडतुसे, खोक्यावरचा लॉट क्रमांक आणि त्या दिवशीचे तापमान लिहिलेला कागद सोबत न्यावा. माझ्या रायफलीच्या बाबतीत त्याने ती सगळी मांडणी काचेवर ओळीने लावली, "गो" गेजवर बोल्ट बंद झाला, "नो-गो" वर झाला नाही, आणि चेंबर लहान बाजूला, पण नियमात असल्याचे त्याने कागदावर लिहून दिले. अडणारी तिन्ही काडतुसे एकाच लॉटची निघाली, आणि तिन्हींच्या खांद्यावर शाईचे तेच गोल कडे होते. दुसऱ्या लॉटची वीस काडतुसे मी त्याच महिन्यात झाडली. दांडा अंगठा आणि दोन बोटांनी बंद झाला.